चोविसावी किल्ली

मी ड्रायव्हिंग शिकवते. शिकवण्याच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि तो कधी दाबायचा हे रस्त्यापेक्षा शिकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून कळतं. सतरा वर्षं हेच केल्यामुळे माणूस खरा घाबरलाय की नुसता घाबरल्यासारखं बोलतोय, हे मी एका नजरेत सांगू शकते. माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या टाचणीकाकूंच्या चेहऱ्यावर खरी भीती मी बारा वर्षांत एकदाच पाहिली. तेव्हा त्यांच्या घरात चोर शिरला नव्हता. त्यांचा मुलगा त्यांना सुरक्षित करायला आला होता.

टाचणीकाकू हे नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण चुकीचं ठेवलेलं नाही. काकूंच्या ओठांत कायम चार-पाच टाचण्या असतात. त्या तशाच ठेवून काकू बोलतात, हसतात आणि गिऱ्हाईकाशी भांडतातही. सत्तरीला टेकल्या आहेत. काम दुरुस्तीचं. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, झिजलेली कॉलर उसवून उलटी लावायची. नवीन कपडा शिवत नाहीत. "नवीन कोणीही शिवेल, जुन्याला जगवायचं म्हणजे डोकं लागतं," असं म्हणतात, आणि म्हणताना समोर बसलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाईकाकडे मुद्दाम बघतात. मशीन खिडकीशी, कापडं बेतायचं लांब टेबल मधोमध, आणि दार सकाळपासून संध्याकाळपर्यंत सताड उघडं.

त्या दाराच्या आतल्या बाजूला एक फळी आहे. तिच्यावर खिळ्यांच्या तीन ओळी, एकेका ओळीत आठ. प्रत्येक खिळ्याला एक किल्ली. आमच्या इमारतीला तीन मजले आणि चोवीस घरं. काकू दिवसभर घरातच, म्हणून फार पूर्वी कुणीतरी एक जादा किल्ली त्यांच्याकडे ठेवली. मग दुसऱ्याने ठेवली. पुढे पुढे इमारतीत नवीन बिऱ्हाड आलं की पाण्याच्या नळानंतर लगेच काकूंचा खिळा दाखवायची पद्धतच पडली. किल्लीवर नाव नाही, नंबर नाही. त्या घरच्या एखाद्या कपड्याची काकूंनी दुरुस्ती केलेली असते, त्यातला उरलेला तुकडा किल्लीला बांधलेला. माझ्या किल्लीला पिवळा तुकडा आहे. इस्त्रीखाली मी जाळलेल्या झग्याचा. काकूंनी तो झगा वाचवला, पण माझा निष्काळजीपणा असा भिंतीवर कायमचा टांगून ठेवला.

काकूंची स्वतःची किल्ली मात्र त्या फळीवर नसते. ती माझ्याकडे असते. स्वतःच्या दाराची जादा किल्ली स्वतःच्या दाराच्या आत ठेवून उपयोग काय, हे त्यांना कळतं.

मागच्या थंडीत काकू पडदा लावताना स्टुलावरून पडल्या. त्या सकाळी दार उघडं दिसलं नाही, म्हणून दूध आणायला निघालेली मी उलट फिरले, किल्ली घेतली आणि आत गेले. मनगट मोडलं होतं. पडल्यापासून माझ्या येण्यापर्यंत वीसेक मिनिटं गेली असतील, आणि तेवढ्यात त्यांनी जमिनीवर पडल्या पडल्या हरवलेली एक बॉबिन कपाटाखाली शोधून काढली होती. मुलाला त्यांनी तीन दिवसांनी कळवलं. तिथेच घोळ झाला.

मुलगा दूरदेशी विमा कंपनीत धोके मोजायचं काम करतो. म्हणजे कुठे आग लागेल, कोण घसरेल, कुठली गाडी चोरीला जाईल, याचे तक्ते करतो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे ठीक आहे. आमच्या चिरंजीवांचं काम दुसऱ्यांचं ताक फुंकायचं. आईचं मनगट मोडलेलं तीन दिवसांनी कळलं, तेव्हा त्याने तिकडूनच ठरवलं की आईला आता घेऊन जायचं. बारा दिवसांची रजा काढून तो आला. तिच्या सहीचे कागद बरोबर आणले होते. ते अकराव्या दिवशी सकाळी कचेरीत द्यायचे होते. पुन्हा इतकी रजा मिळणार नव्हती आणि कागदांची मुदतही तेव्हाच संपत होती.

काकूंनी भांडण केलं नाही. त्या म्हणाल्या, "इथे मी सुरक्षित नाही असं तू मला पटवून दे. पटलं तर सही करते."

मुलगा मला आवडला, हे आधीच सांगून टाकते. तो तीन देशांत राहिलेला. पहिल्या देशात घरांच्या भिंती दोन पुरुष उंच, वर विजेच्या तारा, आणि सिग्नलला थांबताना गाडीच्या काचा वर. दुसऱ्या देशात लोक हॉटेलात टेबल धरून ठेवायला त्यावर पैशाचं पाकीट ठेवून खुशाल आत जातात. पहिल्या देशाने त्याला दाराकडे पाठ करून बसू नये हे शिकवलं, दुसऱ्याने सामान कुठेही टाकायला शिकवलं. त्यामुळे हा माणूस लॅपटॉपची पिशवी जिन्यात विसरून यायचा आणि मग भिंतीला पाठ लावून दारावर नजर ठेवून बसायचा. ती पिशवी दर वेळी कुणीतरी वर आणून द्यायचं, आणि त्याला त्यात काही विशेष वाटायचं नाही.

आता तो तिसऱ्या देशात नऊ वर्षं राहतो. तिथे म्हणे लहान मुलं एकटी शाळेत जातात, पदपथावर खड्डा नाही, आणि माणूस पडला तर हातातलं घड्याळच अॅम्ब्युलन्सला फोन करतं.

दुसऱ्याच दिवशी त्याने आईसमोर तक्ता ठेवला. मी चहाला होते. "आई, अंधार पडल्यावर तू एकटी बाहेर जातेस?"

"गुडघे दुखले नाहीत तर."

"तसं नाही. भीती वाटते का?"

"कुत्र्याची वाटते. कोपऱ्यावरच्या."

त्याने काहीतरी लिहिलं. आमच्या गावाला दहापैकी सव्वापाच आले, त्याच्या देशाला नऊ. मी मध्ये बोलले नाही, कारण सव्वापाच काही अन्यायाचे नव्हते. आमच्या रस्त्यावरून सायकली चोरीला जातात. बसस्टॉपवर माझी पर्स कापली गेली आहे. अंधार पडला की मीही किल्ली मुठीत धरून चालते. आपलं ते सोनं म्हणणाऱ्यांतली मी नाही.

काकूंनी टाचण्या काढून उशीत खोचल्या. म्हणजे प्रश्न महत्त्वाचा होता. "तू तिकडे घसरून पडलास, तर आधी कोणाला कळेल?"

"घड्याळाला."

"आणि मग चहा कोण देईल?"

तो हसला. पण तक्त्यात चहाला रकाना नव्हता.

मग त्याची नजर फळीवर गेली. ती तिथे त्याच्या लहानपणापासून होती, पण आपल्या घरातली वस्तू आपण बघतो कुठे? आता त्याने धोके मोजणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी बघितली आणि त्याची पाचावर धारण बसली. उघडं दार, दाराला लागून सगळ्या इमारतीच्या किल्ल्या, आणि राखणीला पाठमोरी बसलेली सत्तर वर्षांची बाई, जिचं मशीन चालू असताना तिला ढोलही ऐकू येत नाही.

पाचव्या दिवशी काकू दोरे आणायला बाजारात गेल्या असताना त्याने काम उरकलं. भिंतीत लोखंडी पेटी ठोकली, नंबर फिरवून उघडणारी. किल्ल्यांच्या चिंध्या सोडवून कागदी पिशवीत टाकल्या, आणि प्रत्येक किल्लीला प्लास्टिकचा नंबर लावला. माणूस हुशार. त्याने मोजलं, घरं चोवीस, किल्ल्या चोवीस. मजले तीन, ओळी तीन. एका मजल्यावर आठ घरं, एका ओळीत आठ खिळे. म्हणजे वरची ओळ तिसरा मजला, खालची पहिला, डावीकडून उजवीकडे. कोणालाही हेच वाटलं असतं. त्याने पहिल्यापासून चोवीसपर्यंत नंबर लावले आणि समाधानाने हात धुतले.

काकू परत आल्या तेव्हा चिंध्यांची पिशवी तेवढी त्यांनी मुकाट्याने उचलून ठेवली, कारण त्या कापड फेकत नाहीत. पेटीकडे बघून म्हणाल्या, "छान आहे." मुलाने हौसेने केलेलं होतं ना. त्याने पेटीचा नंबर कागदावर लिहून दिला आणि बजावलं, "हा कुठेतरी अगदी सुरक्षित ठेव."

त्यांनी ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बेकरीवाला दारात उभा राहिला, तेव्हा कुठे ठेवला ते कळलं. बेकरीवाला पहाटे भट्टी लावतो, दुपारी बाराला झोपायला घरी येतो, आणि आठवड्यातून तीनदा स्वतःची किल्ली बेकरीत विसरतो. काकू म्हणाल्या, "नंबर लिहिलेला कागद आहे ना."

"कुठे आहे?" मी विचारलं. मी जेवायला घरी आले होते.

काकू पेटीकडे बघत राहिल्या. घरात त्याहून सुरक्षित जागा कुठली होती?

मी जिन्याच्या पायरीवर बसून हसले. बेकरीवाला हसला नाही. तो बेतायच्या टेबलावर आडवा झाला आणि दोन मिनिटांत घोरू लागला. मुलगा बाहेर गेला होता, तो अर्ध्या तासाने आला, पेटी उघडली आणि अकरा नंबरच्या घराला अकरा नंबरची किल्ली दिली. ती लागेना. दहा नंबरची लागेना. बाराचीही लागेना.

"या ओळी मजल्याप्रमाणे आहेत ना, आई?"

"मजल्याप्रमाणे कशाला? घरी यायच्या वेळेप्रमाणे आहेत," काकू म्हणाल्या. "दुपारी येणारे खाली, हाताशी. संध्याकाळचे मध्ये. उशिरा येणारे वर."

"पण मग कुठली कोणाची, हे तुला कसं—"

"चिंधीवरून. किल्लीकडे मी कधी बघितलंच नाही."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात मी काकूंकडे बघितलं. त्या स्टुलावर बसल्या होत्या. ओठांत एकही टाचणी नव्हती. पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर गाडी घातली की शिकणाऱ्याचा चेहरा जसा होतो, रंग गेलेला, नजर एका जागी, तसा त्यांचा झाला होता.

"लोकांनी विश्वासाने ठेवल्या होत्या," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत माझ्याकडून एकही हरवली नाही. आता कोण ठेवेल? नाही ठेवणार." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "कागद काढ. मी येते तुझ्याबरोबर."

त्याला हवं ते मिळालं होतं, तेही पाच दिवस आधी. मला भयंकर राग आला. त्याच्यावर, पेटीवर आणि नेमकं त्याच वेळी मोठ्याने घोरणाऱ्या बेकरीवाल्यावर. पण मुलाचा चेहराही बघण्यासारखा झाला होता. धोके मोजणाऱ्या माणसाला आपणच धोका आहोत हे कळलं, की तो असा दिसतो.

"आधी किल्ल्या," तो म्हणाला. "सही नंतर." त्याने सगळ्या किल्ल्या एका बुट्टीत भरल्या. "जास्तीत जास्त दोनशे शहात्तर वेळा लावून बघायला लागतील."

"मोजलंस?"

"सवय आहे, ताई."

मी दुपारच्या दोन शिकवण्या रद्द केल्या. हा तमाशा चुकवायचा नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याला एकट्याला पाठवायलाही जीव होईना.

पहिल्या दारावर त्याने माफीचं इतकं लांब भाषण केलं की ऐकणारी बाई घाबरली. तिला वाटलं, काकूंचं काही बरंवाईट झालं. तिसऱ्या दारापर्यंत भाषण दोन वाक्यांवर आलं. सहाव्या दारावर तो नुसता बुट्टी पुढे करून "चूक माझी" म्हणायला लागला. आणि गंमत अशी, की किल्लीवरून त्याला कोणीच बोललं नाही. सगळे बोलले ते चिंधीवरून.

"किल्लीचं काय, कुलूप बदलता येतं," रात्रपाळी करून झोपलेली नर्स डोळे चोळत म्हणाली. "पण तो माझ्या आईच्या शालीचा तुकडा होता. तो कुठे आहे?"

"आहे, आहे," तो म्हणाला आणि पळत खाली जाऊन पिशवी घेऊन आला. तेव्हापासून किल्ली लागली की तिथेच चिंधी ओळखून, दोऱ्याने बांधूनच आम्ही पुढे निघायचो. गाठ मी मारायचे, कारण त्याच्या गाठी सुटत होत्या.

दुसऱ्या मजल्यावर बस कंडक्टर होता, सुट्टीचा दिवस, पाय टेबलावर. मुलाने त्याला विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत? आपल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या भिंतीवर?"

"वाटते ना," कंडक्टर म्हणाला. "माझ्याकडे राहिली तर हरवेल याची. म्हणून तर तिथे ठेवतो."

घरोघरी चहा झाला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आजोबांनी याला खुर्चीवर बसवून घेतलं आणि हा सात वर्षांचा असताना यांच्या खिडकीची काच फोडल्याचं प्रकरण नव्याने उकरून काढलं. तिसऱ्या मजल्यावर शाळेतून आलेल्या दोन बहिणींनी बुट्टीतून पहिल्याच झटक्यात आपली किल्ली उचलली. त्यावर दातांनी चावलेली खूण होती. त्या क्षणी दोनशे शहात्तरचा हिशेब कोलमडला आणि चिरंजीव चक्क मोठ्याने हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याची पाठ भिंतीला टेकलेली नव्हती. दार उघडं होतं, त्याच्या मागे होतं, आणि त्याला आठवणही नव्हती.

उन्हं उतरली तेव्हा तेवीस दारं झाली होती आणि बुट्टीत एक किल्ली उरली होती.

"ही आपल्या घराची," तो म्हणाला. काकूंच्या दाराला लावली. लागली नाही.

मी माझ्या घरातून काकूंची किल्ली आणून दाखवली. "काकूंची ही. माझ्याकडे असते."

"मग ही कोणाची? घरं चोवीसच आहेत."

मी पिशवी उलटी केली. एकच चिंधी उरली होती, निळ्या चौकड्यांची, धुऊन धुऊन विरलेली. त्याने ती उचलली, बोटांनी चाचपली आणि तसाच उभा राहिला. त्याच्या शाळेच्या शर्टाची होती.

"तूच पाठवली होतीस की," काकू मशीनपाशी बसूनच म्हणाल्या. "तिकडचं घर घेतलंस तेव्हा, पाकिटातून. लिहिलं होतंस, एक जादा आहे, आई, तुझ्याकडेच राहू दे. इथे कोणाकडे ठेवू?"

त्याने किल्ली चिंधीशेजारी धरली.

"त्या दिवशी मला जेवण गेलं नाही," काकू म्हणाल्या. "मग मी ती वरच्या ओळीत शेवटच्या खिळ्याला लावली. सगळ्यात उशिरा येणारा तू."

दहापैकी नऊ गुण मिळालेल्या देशातल्या घराची किल्ली आमच्या भिंतीवर सहा वर्षं टांगलेली होती. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. तो टेबलाच्या कडेवर टेकला आणि हळूहळू सांगायला लागला. दोन वर्षांपूर्वी तिकडे दार आपोआप लागलं आणि किल्ली आत राहिली. कुलूप उघडणारा माणूस चार तासांनी येणार होता. हा जिन्यात थंडीत बसला. समोरच्या दारातली बाई बाहेर आली, अगदी सभ्यपणे नमस्कार केला आणि पुन्हा आत गेली.

"आत का नाही बोलावलं तिने?" मी विचारलं.

"तिला वाटलं असेल, मला एकटं बसायला आवडतं. तिकडे असंच समजतात. मीही तिच्याबद्दल तसंच समजतो. पियानो दुरुस्त करते. सहा वर्षं भिंतीतून ऐकतोय, नाव विचारलेलं नाही."

"काखेत कळसा," काकू म्हणाल्या, आणि पुढचं म्हटलं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी त्याने पेटी काढली. काकूंनी फळीवर किल्ल्या पुन्हा लावल्या आणि त्याने शेजारी बसून कोण किती वाजता घरी येतं याचा तक्ता केला. तक्ता केल्याशिवाय त्याला राहवत नाही, त्याला कोण काय करणार? काकू म्हणाल्या, "कागद आण, सही करते म्हटलं होतं मी."

"तुला पटलं का, इथे सुरक्षित नाही म्हणून?"

"लोक आता किल्ल्या ठेवतील की नाही, ते उद्या कळेल," त्या म्हणाल्या. अजून त्यांच्या ओठांत टाचणी नव्हती.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी मुद्दाम घरी आले. मुलगा दारावर नजर लावून बसला होता, काकू मशीनवर खाली मान घालून. बेकरीवाला आला. पुन्हा विसरला होता. त्याने कोणाला काही विचारलं नाही, कोणाकडे बघितलं नाही. हात आत घातला, खालच्या ओळीतली मळकी पांढरी चिंधी ओढली आणि जांभई देत वर गेला. माझा जीव भांड्यात पडला. काकूंनी उशीतल्या चार टाचण्या काढून ओठांत धरल्या, आणि मुलाने सही न झालेले कागद पाकिटात घालून पाकिटाला डिंक लावला.

जाताना तो निळ्या चौकड्यांची चिंधी बांधलेली किल्ली घेऊन गेला. आईने सुचवलं नाही, त्यानेच खिळ्यावरून काढली.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. काकूंचे हात कामात होते, म्हणून मी फोन त्यांच्या कानाशी धरला होता, आणि तो इतका मोठ्याने बोलत होता की मला सगळं ऐकू आलं. तो समोरच्या दारावर गेला होता. आठ दिवस धीर झाला नव्हता, नवव्या दिवशी गेला. किल्ली पुढे केली आणि म्हणाला, ही तुमच्याकडे ठेवाल का? ती बाई किल्लीकडे बघत राहिली, मग चिंधीकडे, मग वळून आत गेली. याला वाटलं, संपलं. ती परत आली ती स्वतःच्या घराची जादा किल्ली घेऊन. इतकी वर्षं ती कुंडीखाली ठेवत होती. म्हणाली, मला वाटायचं तुम्हाला त्रास होईल. मग आत बोलावलं, चहा दिला.

काकूंनी टाचण्या तशाच ठेवून विचारलं, "तिच्या किल्लीला काय बांधलंस?"

"काहीच नाही अजून."

"अरे, तिच्या पडद्याचा रंग कुठला ते विचार. नाहीतर तिचं एखादं जुनं कापड इकडे पाठव. मी नीट शिवून देते, सुटणार नाही."

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडून पक्कड मागून घेतली. वरच्या ओळीतला शेवटचा खिळा पिळून पिळून उपटला, बटणांच्या डब्यात टाकला आणि पुन्हा मशीनवर बसल्या.